नाक उचलण्याची वेळ

माझी भाची गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकते. रायपूरहून गोंदिया आगगाडीने दोन-अडीच तासांवर. सुट्टी मिळाली की ती घरी येते आणि घरी आईशी वाजले की माझ्याकडे, तात्यापाऱ्यात. २०२५ च्या जुलै महिन्यात ती अशीच आली. १२ जूनला अहमदाबादला विमान उड्डाण करताच कोसळले होते. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९, अशी २६० माणसे गेली होती. महिन्याने, १२ जुलैला, तपासाचा प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा चालू-बंद करणाऱ्या कळा उड्डाणानंतर लगेच, एका सेकंदाच्या अंतराने, ‘बंद’कडे गेल्याची नोंद त्यात होती. एवढे वाचून आमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी निकाल लागलाही. चूक वैमानिकाची.

माझी बहीण मुलीच्या मागोमाग आली. तिचे म्हणणे सरळ होते. “दादा, तूच सांग हिला. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या हातून चुका होतात, हिचं काय वय आहे?” भाची आईला काही बोलली नाही. बहीण आत गेल्यावर मला म्हणाली, “मामा, तुम्ही इतिहास शिकवलात ना इतकी वर्षं? मग मला एवढंच सांगा, वैमानिकाची चूक म्हणजे नक्की काय?”

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याचे एक कारण असे, की हेच दोन शब्द मी एकदा भर वर्गात, फळ्यासमोर उभे राहून, मोठ्या खात्रीने उच्चारले होते. त्याकडे मी येणारच आहे. आधी थोडे मागे जायला हवे.

विमानाच्या इतिहासाची सुरुवात आपण १७ डिसेंबर १९०३ पासून करतो. त्या दिवशी अमेरिकेत किटी हॉकजवळच्या वाळूत ऑर्व्हिल राइटने बारा सेकंदांत १२० फूट अंतर कापले. शाळेच्या पुस्तकात एवढेच असते. पण तीनच दिवस आधी, १४ डिसेंबरला, त्याच यंत्रावर त्याचा मोठा भाऊ विल्बर बसला होता. पहिली संधी कोणाची, हे दोघा भावांनी नाणे उडवून ठरवले आणि विल्बर जिंकला. लाकडी रुळावरून यंत्र सुटले आणि विल्बरने त्याचे नाक गरजेपेक्षा जास्त वर उचलले. वेग पुरेसा नव्हता. यंत्र थोडे वर चढले, हवेत अडखळले आणि साडेतीन सेकंदांत, सुमारे १०५ फुटांवर, डावा पंख वाळूत टेकवून आदळले. काही भाग मोडले. दुरुस्तीला दोन दिवस गेले, म्हणून इतिहासात १४ ऐवजी १७ तारीख आली आणि विल्बरऐवजी ऑर्व्हिलचे नाव.

विल्बरने घरी लिहिलेल्या पत्रात दोष यंत्राला दिला नाही. या यंत्राची सवय नसल्यामुळे आपल्या हातून किरकोळ चूक झाली, अशा अर्थाचे त्याने लिहिले. म्हणजे स्वतःच्या शक्तीने उडणाऱ्या विमानाच्या इतिहासातली पहिली नोंदच मुळी एका लहानशा विमानाच्या उड्डाणातल्या, वैमानिकाच्या चुकीने झालेल्या अपघाताची आहे. आणि त्याच पत्रात पुढचे यश नक्की आहे असा विश्वासही आहे. चूक कबूल करणे आणि यंत्रावरचा विश्वास कायम ठेवणे या दोन्ही गोष्टी विल्बरला एकाच वेळी जमल्या. पुढे फार थोड्यांना त्या जमल्या.

आता उड्डाणाबद्दल चार शब्द सांगतो. वैमानिकाला धावपट्टीवर तीन वेग लक्षात ठेवावे लागतात. पहिला निर्णयाचा. त्या वेगापर्यंत काही बिघडले तर ब्रेक लावून थांबता येते, त्यापुढे थांबायला धावपट्टी उरत नाही, काहीही झाले तरी उडायचेच. दुसरा नाक उचलण्याचा. या वेगाला दांडा मागे ओढायचा आणि विमानाचे नाक एका संथ लयीत वर आणायचे. तिसरा सुरक्षित चढण्याचा. हे तिन्ही वेग दर उड्डाणाला बदलतात. विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, वारा, गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्या दिवसाचे तापमान यांवरून ते काढतात. उन्हाळ्यात हवा विरळ होते. पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनांची ताकदही घटते आणि तेच विमान उडायला जास्त धावपट्टी मागते. विल्बरने नाक फार लवकर आणि फार वर उचलले. उशिरा उचलले तर काय होते, हे आपल्या मराठवाड्याने पाहिले आहे.

पण त्याआधी १९३५. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला अमेरिकेत डेटनजवळ राइट फील्डवर बोइंग कंपनीचे नवे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान, मॉडेल २९९, चाचणीसाठी निघाले. चालवणारा मेजर प्लॉयर हिल लष्कराचा अनुभवी चाचणी-वैमानिक होता. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीचे व पंखांचे हलते भाग आपटू नयेत म्हणून त्यांना अडसर लावतात. उड्डाणाआधी तो काढायचा असतो. तो काढायचा राहिला. विमान उडाले, नाक वर वर जात राहिले, ते खाली आणायला काहीच हलेना. विमान कोसळून पेटले. हिल त्याच दिवशी गेला. बोइंगचा मुख्य चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर काही दिवसांनी गेला.

चूक वैमानिकाची, यात वाद नव्हता. पण त्यानंतर जे झाले ते महत्त्वाचे. इतक्या कसलेल्या माणसाच्या हातून हे राहत असेल तर आणखी कसलेला माणूस शोधून उपयोग नाही, हे लष्करातल्या वैमानिकांच्या ध्यानात आले. त्यांनी एक साधा कागद तयार केला. उड्डाणाआधी काय काय तपासायचे याची यादी, आणि ती दर वेळी वाचायचीच असा नियम. तेच विमान पुढे बी-१७ या नावाने ओळखले गेले आणि त्याची १२,७३१ विमाने बनली.

त्या बी-१७ चीच आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात हे विमान उतरवल्यावर वैमानिक पंखांच्या झडपा मिटायच्या ऐवजी चाके मिटून घेत आणि धड उतरलेले विमान पोटावर बसे. दर वेळी अहवालात वैमानिकाची चूक लिहिली जाई. १९४३ मध्ये अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानात बसून पाहिले. चाकांची कळ आणि झडपांची कळ शेजारी शेजारी होती आणि हाताला दोन्ही सारख्याच लागत. त्याने चाकांच्या कळीवर रबराचे छोटे चाक बसवले आणि झडपांच्या कळीला पाचरीचा आकार दिला. डोळे मिटूनही फरक कळू लागला आणि चुका थांबल्या. युद्धानंतर, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून सांगितल्या गेलेल्या ४६० प्रसंगांची छाननी केली. त्यांच्या लक्षात आले, की यांतल्या कितीतरी चुका विमानातल्या कळा आणि दांडे जसे मांडले होते त्या मांडणीतून आल्या होत्या. चूक हातून झाली होती हे खरे, पण त्या हातापुढे काय ठेवले होते हेही पाहायला हवे होते.

आता औरंगाबाद. आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, पण त्या वर्षी गावाचे नाव औरंगाबाद होते आणि मी तिथे एका महाविद्यालयात शिकवत होतो. रायपूरला आलो तो नंतर.

१९९३ चे ते दिवस आठवा. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. २४ एप्रिलला इंडियन एअरलाइन्सचे एक विमान पळवून अमृतसरला नेले होते आणि २५ च्या पहाटे कमांडोंनी प्रवाशांची सुटका केली होती. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला तो एकच दिवस टिकला. सोमवारी, २६ एप्रिलला, इंडियन एअरलाइन्सचे फ्लाइट क्रमांक ४९१, बोइंग ७३७, दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत चिकलठाणा विमानतळावर आले आणि भर दुपारी मुंबईला जायला निघाले. आत ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. मराठवाड्यातली एप्रिलअखेरची दुपार कशी असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आणि धावपट्टी तेव्हा ६,००० फुटांची.

विमान जवळजवळ सगळी धावपट्टी संपेपर्यंत जमिनीवरच राहिले. ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला एक सेकंद म्हणजे सत्तर मीटर. नाक उचलायला दोन-तीन सेकंद उशीर झाला, आणि उचलताना हवी ती लय राहिली नाही, तर धावपट्टीचा केवढा तुकडा हातचा जातो याचा हिशेब शाळकरी पोरही करील. अखेर विमानाने जमीन सोडली. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडकडे जाणारा रस्ता होता. त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर. जखमी विमान तसेच पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्चदाबाच्या तारांत अडकले आणि जमिनीवर कोसळून पेटले. ५५ माणसे गेली, ६३ वाचली. दोन्ही वैमानिक वाचलेल्यांत होते.

संध्याकाळपर्यंत गावात एकच विषय होता. वैमानिक जिवंत आहेत हे कळल्यावर बोलण्याची धार वाढली. मेलेल्या माणसाबद्दल आपण जपून बोलतो, वाचलेल्याला ती सवलत नसते. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी विचारले. मी हातात खडू घेऊन म्हणालो, “यात काय विचारायचं? वैमानिकाची चूक. धावपट्टी समोर दिसत होती, नाक वेळेवर उचलायचं एवढंच काम होतं.” कोणताही अहवाल तेव्हा आला नव्हता. माझ्यापाशी ना आकडे होते, ना माहिती. होता फक्त आवाज.

पुढे चौकशीचा निष्कर्ष आला तेव्हा माझे अर्धे म्हणणे खरे ठरले. नाक उचलायला वैमानिकांनी केलेला उशीर आणि ते उचलण्याची चुकीची पद्धत हे अपघाताचे कारण म्हणून नोंदले गेले. पण त्या निष्कर्षाला दुसरा भाग होता. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, असे त्यात म्हटले होते. दोन कारणे, शेजारी शेजारी मांडलेली. लोकांच्या तोंडी पहिले राहिले. माझ्याही.

दुसरा भाग मी नीट वाचला तो कितीतरी वर्षांनी, रायपूरला आल्यावर. वाचला आणि पुस्तक मिटून बसलो. कारण त्या रस्त्यावरून मी स्वतः शेकडो वेळा गेलो होतो. स्कूटरवर मागे पत्नी, पुढे उभा मुलगा. विमानाची वेळ असली की मी मुद्दाम धावपट्टीच्या टोकाशी थांबायचो. मुलाला खांद्यावर घ्यायचो. विमान डोक्यावरून जायचे, वाऱ्याच्या झोताने धूळ उडायची आणि मुलगा खिदळायचा. आमच्यासारखी आणखी कुटुंबे असायची. शेंगदाणेवाला असायचा. बाजूने ट्रक जात असायचे. कोणी कधी आम्हाला हटकले नाही आणि आम्हालाही कधी वाटले नाही, की इथे कोणीतरी हटकायला हवे. विमान नेहमी वरून जायचे. रोज वरून जाते म्हणजे ते जायला पुरेशी जागा आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

हेच धरून चालणे त्या रस्त्याची व्यवस्था बघणाऱ्यांचेही असणार. ट्रकचालकाचे तर असणारच. त्याला गाठी वेळेवर पोचवायच्या होत्या, रस्ता मोकळा होता, अडवायला कोणी नव्हते. अंतर सात फुटांवर येईपर्यंत कोणालाच काही चुकल्यासारखे वाटले नाही. कारण तोवर दर वेळी विमान वेळेवर उठत होते. वैमानिकाने नाक वेळेवर उचलले असते तर ट्रक तिथे असूनही काही झाले नसते. आणि ट्रक तिथे नसता, तर उशिरा उठलेले विमान रस्ता ओलांडून गेले असते. त्या उशिराची चर्चा मग वैमानिकांच्या खोलीत झाली असती, आमच्या वर्गात नाही. मी मुलांना यातला एकच अर्धा भाग शिकवला होता, आणि दुसऱ्या अर्ध्यात मी स्वतः उभा होतो, मुलाला खांद्यावर घेऊन.

या सगळ्यामुळे वैमानिकाची चूक ही चूक राहत नाही, असे मला म्हणायचे नाही. ५५ घरांतली माणसे त्या दुपारी परतली नाहीत. त्यांना ‘व्यवस्था’ नावाच्या कोणा अमूर्त गोष्टीकडे बोट दाखवून वाटेला लावणे हाही अन्यायच. नाक उशिरा उचलले गेले होते, हे लिहायलाच हवे. आपण तिथेच पूर्णविराम देतो, हे मात्र बरोबर नाही.

पूर्णविराम दिला की काय होते, याचे एक उदाहरण देतो. ३१ मे २०१४ च्या रात्री अमेरिकेत बेडफर्डच्या विमानतळावर एक गल्फस्ट्रीम विमान, श्रीमंतांच्या खासगी वापराचे लहान जेट, उड्डाणाला निघाले. अडसर काढायचा राहिला होता. होय, १९३५ चाच अडसर, ७९ वर्षांनी. विमान उठलेच नाही. धावपट्टी संपवून पुढच्या खोलगट भागात जाऊन पेटले आणि आतली सातही माणसे गेली. तपासात कळले, की याच दोन वैमानिकांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के उड्डाणांत हलत्या भागांची पूर्ण तपासणी केलेलीच नव्हती. यादी होती, पण ती वाचली जात नव्हती. आणि अडसर लावलेला असताना इंजिनांना उड्डाणाइतकी ताकद देता येऊ नये, अशी योजना विमानात होती, तीही हवी तशी चालली नाही. दोघेही वर्षानुवर्षे एकत्र उडणारे, जाणते वैमानिक. दर वेळी काही झाले नव्हते, म्हणून या वेळीही होणार नाही. बीड रस्त्यावर आम्ही जे धरून चाललो होतो, तेच.

अपघातांच्या तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम १९५१ पासून आहेत. तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा एकच आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणे हा नाही, असे ते स्पष्ट सांगतात. आपल्याकडे या कामासाठी २०१२ मध्ये वेगळा तपास विभाग झाला. दोष ठरवायचा तर न्यायालये आहेत. तपासणाऱ्याने विचारायचे ते एवढेच, की उद्या त्याच जागी दुसरा माणूस बसला तर त्याच्याही हातून हे होईल का? होणार असेल तर माणूस बदलून भागणार नाही. चिकलठाण्याची धावपट्टी पुढे ९,३०० फुटांपर्यंत वाढवली गेली. उशिरा नाक उचलणाऱ्या माणसालाही आता थोडी जागा आहे.

रायपूरलाही हे विषय परके नाहीत. माना येथील आमचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर उभा राहिला. पुढे पूर्व बंगालच्या निर्वासितांची छावणी त्याच मान्यात वसली. लहानपणी विवेकानंद काही काळ या गावात राहिले होते, म्हणून २०१२ पासून विमानतळाला त्यांचे नाव आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशचे एक प्रवासी विमान इंजिन बिघडल्यामुळे इथे उतरवले गेले. वैमानिकांनी सगळ्यांना सुखरूप खाली आणले. ते विमान मात्र वर्षानुवर्षे इथेच उभे राहिले आणि गावात चर्चा झाली ती त्याच्या थकलेल्या भाड्याची. ज्यांनी ते उतरवले त्यांची नावे इथे कोणाला ठाऊक नाहीत. वैमानिकाच्या चुकीला आपल्याकडे शब्द आहे, वैमानिकाच्या नेमकेपणाला नाही. आणि १२ मे २०२२ च्या रात्री याच विमानतळावर राज्य सरकारचे हेलिकॉप्टर सराव करताना कोसळले. दोन्ही वैमानिक गेले. त्या आठवड्यात टपरीवर काय बोलले गेले ते मी ऐकले होते, आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो.

दिवाळीत भाची पुन्हा आली. मी तिला हे सगळे सांगितले, वर्गातला खडू आणि बीड रस्त्यावरचा शेंगदाणेवाला धरून. बहीणही ऐकत बसली होती. भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पिशवीतून एक प्लास्टिकच्या आवरणातला कागद काढला. कडा मळलेल्या होत्या. तिच्या छोट्या विमानाची यादी.

“ही तर तुला पाठ असेल,” मी म्हटले.

“पाठ आहे, मामा. म्हणूनच वाचायची. पाठ म्हणताना एखादी ओळ गळली तर कळतच नाही.”

बहिणीने कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागली. कळत तिला काहीच नव्हते. तरी तिने शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, “हे रोज करतेस?”

“रोज,” भाची म्हणाली.

“मग दोनदा करत जा,” बहीण म्हणाली आणि फराळाचे ताट आणायला आत गेली.